बेटावरचं बेटावर

भाऊ, यंदा बेटावर भात करपला नाही. शिजवलाच नाही, तर करपणार कुठून?

कार्तिकात तू गेलास आणि पौषात माझ्या शाळेला नाताळची सुट्टी लागली. हात सवयीनं ट्रंक भरत राहिले. गोंदियाहून छोट्या गाडीत बसले, सौंदडला उतरले आणि फलाटाच्या टोकाशी जाऊन उभी राहिले. दर वर्षी तू तिथंच डोक्याला शाल गुंडाळून उभा असायचास. गाडी वेळेवर आली तरी तुझं वाक्य ठरलेलं, "किती उशीर करून राहिली वं यमू, बैल बसले ना तिकडे." या वेळी बैल होते, छकडा होता, हाकणारा गडी होता. तू नव्हतास. गाव येईपर्यंत मी छकड्यात बसून रडले. गड्यानं एकदाही मागे वळून पाहिलं नाही. भला माणूस.

माणूस गेला की त्याच्याबद्दल चार शब्द लिहिण्याची पद्धत आहे. जन्म कुठला, घराणं कोणतं, किती उपकार केले. तुझं ते सगळं गाव सांगेल, आणि थोडं वाढवूनच सांगेल. मला तुझे गुण गायचे नाहीत. आपलं एक भांडण अर्धं राहिलं आहे, ते पुरं करायचं आहे. तू मधेच उठून जाऊ शकत नाहीस, एवढीच आता माझी सोय झाली आहे.

तुला सांगायला नको, तरी पहिल्यापासून सांगते. मास्तरीण आहे, त्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. आपण कोहळी, तलाव बांधणाऱ्यांची जात, आणि गावचे पाटील. आपल्या पणज्यानं दोन टेकड्यांच्या मधे मातीची पाळ घातली, पाणी अडवलं, आणि त्या पाण्याखाली गावच्या धानाच्या बांध्या पिकायला लागल्या. पाणी चढत गेलं तेव्हा मधली एक लहान टेकडी बुडायची राहिली. तेच आपलं बेट. मोहाची झाडं, बोरी, दोन मोठे दगड आणि त्यांच्या फटीत शेंदूर फासलेली पाण्याची माय. धान कापून, चुरून कोठीत पडलं की आजा सगळ्या घराला घेऊन चार दिवस तिकडे राहायला जायचा. सारं वर्ष चिखलात उभं राहिलेल्या माणसानं चार दिवस कोरड्यावर बसावं, असं तो म्हणायचा, आणि कोरडी जागा निवडायचा ती चारी बाजूंनी पाणी असलेली.

डोंग्यात, म्हणजे आपल्या लाकडी होडीत, पाय ठेवण्याआधी आजा तलावातलं ओंजळभर पाणी पाळीवर सांडायचा आणि म्हणायचा, "गावचं गावात." म्हणजे बेटावर शेताचं बोलायचं नाही, पाण्याच्या वाटणीवरून भांडायचं नाही, कोण मोठा कोण लहान हे काढायचं नाही. आणि बायकांनी चुलीला हात लावायचा नाही. तिथं रांधायचं ते पुरुषांनी. चार दिवसांनी परत निघताना बेटाच्या काठावर पुन्हा ओंजळ, आणि "बेटावरचं बेटावर." तिथं कोणी मन मोकळं केलं, कोणी कोणाला शिव्या घातल्या, कोण रडलं, ते पाण्यापलीकडे न्यायचं नाही. नेलं तर डोंगा जड होतो आणि मधोमध बुडतो. आजाचा एक चुलता असाच बुडाला होता म्हणे. त्या चुलत्याचं नाव काय, असं मी विचारलं होतं. आजा म्हणाला, "बुडाला ना तो, नाव कसं राहीन?" तू मला कोपरानं ढोसलंस. तुला तेव्हाही प्रश्न विचारलेले आवडायचे नाहीत.

माझं लग्न झालं तेव्हा मी परकरातून लुगड्यात आले होते, एवढंच. नवरा तापानं गेला तेव्हा त्याचा चेहरा मला पुरता पाठ व्हायचा होता. तू येऊन मला परत घरी घेऊन गेलास. देश स्वतंत्र झाला तेच ते साल. शाळेवर झेंडा लागला, पोरांना साखर वाटली, आणि मी हे सगळं दाराच्या फटीतून पाहिलं, कारण शुभ कामात मी समोर येऊ नये असं घरात ठरलं होतं. त्या हिवाळ्यात बेटावर जायची तयारी सुरू झाली तेव्हा आपली काकी अंगणात उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "रांडमुंड पोरगी कायले पायजे तिकडे? मौज कराले?"

तू बैल सोडत होतास. मान वर न करता म्हणालास, "बेटावर गावचं काईच जात नाही, काकी. तिचं रांडपन मी इथंच पाळीवर ठेवून नेतो."

भाऊ, त्या एका वाक्यासाठी मी तुझं सगळं ऐकून घ्यायला तयार होते. अजूनही आहे.

बेटावर उतरल्यावर वहिनीनं तिच्या गाठोड्यातून निळं लुगडं काढून माझ्या अंगावर टाकलं. "पांढरं मळते इथं, बाई," एवढंच म्हणाली. त्याहून जास्त बोलणं तिच्या स्वभावात नाही. मी दगडांमागे जाऊन ते नेसले. तू धानाच्या तणसाचं छप्पर शाकारत होतास. माझ्याकडे पाहिलंस आणि विचारलंस, "पोहनं इसरली का?" मी काचा मारला आणि पाण्यात गेले. पाणी इतकं थंड होतं की दात वाजत होते, आणि मी हसत होते. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच माझं हसणं मला ऐकू आलं. वर आले तेव्हा तुझा भात करपला होता आणि तू तो पळसाच्या पानावर असा वाढत होतास, जशी काही पंगत आहे. वहिनी मोहाला टेकून पाय लांब करून बसली होती. घरी तिला मी कधी पाय लांब केलेलं पाहिलं नव्हतं. "आनखी वाढा," ती म्हणाली, "आज मी पाटील आहो."

चौथ्या दिवशी दगडांमागे जाऊन मी पुन्हा पांढरं नेसले.

त्यानंतर दर हिवाळ्यात ते चार दिवस आले. गरम शिंगाडे, लहानू ढिवरानं जाळ्यातून काढून दिलेली मासळी, दुपारी उन्हात पसरलेली आपण तिघं आणि वर घिरट्या घालणारी दूरदेशची बदकं. तू वेगळाच माणूस व्हायचास. नकला करायचास, काकीची तर हुबेहूब. आणि पाळीवर पाय लागला की पुन्हा पाटील. पोळ्याला, दिवाळीला मी मागच्या दाराशी बसलेली तुला दिसायची. तू नजर दुसरीकडे न्यायचास. मला ते दर वेळी दिसायचं. त्या चार दिवसांबद्दल मी तुझे पाय धरावेत की उरलेल्या वर्षाबद्दल तुझ्याशी बोलणं टाकावं, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही.

मग मालगुजारी गेली ते साल आलं. पणज्यानं घातलेला तलाव सरकारजमा झाला. माझं म्हणणं होतं, पाणी सगळ्या गावाचं झालं, ठीक झालं. तू म्हणालास, "पानी कोनाचंच नसते. राखन असते." ते भांडणही अर्धंच राहिलं. तू मात्र रोज सकाळी पूर्वीसारखाच पाळीवर जायचास आणि तुडूम, म्हणजे पाणी सोडायची ती जुनी मोरी, उघडून-लावून यायचास. कोणी तुला ते काम सांगितलं नव्हतं. कोणी नको म्हणायची छातीही केली नव्हती.

त्या हिवाळ्यात सदाशिवराव बेटावर आला. शेजारच्या गावचा, आपल्याच जातीतला, तुझा लहानपणचा दोस्त. बायको बाळंतपणात गेली होती. नव्या चिन्नोर तांदळाची पिशवी खांद्यावर टाकून एका दिवसापुरता आला आणि तुझ्यामुळं अडकला. निघण्याआधी उसाला पाणी म्हणून तू तुडूम उघडलास आणि लावायला कोणाला सांगितलंच नाहीस. बेटाच्या उथळ अंगाला डोंगा बांधला होता. सकाळी पाहतो तर पाणी मागे सरकलेलं आणि डोंगा चिखलात बसलेला. चालत जावं तर माणूस कमरेपर्यंत रुतेल, वल्हवावं तर पाणी नाही. लहानूनं डोक्यावर हात ठेवून विचारलं, "पाटील, तुडूम कोनं लावला होता?" तू आभाळाकडे पाहायला लागलास. पाणी राखणाऱ्या घराण्याचा कर्ता आपल्याच पाण्यानं कोंडला गेला. पाळीवरच्या लोकांना आपण हातवारे करून ओरडलो, तर त्यांनीही खुशीत हात हलवले. पाटील यंदा फार मजेत आहे, असं त्यांना वाटलं.

असे आपण अडकलो, आणि खरं सांगते भाऊ, माझ्या आयुष्यातले तेच दिवस मला कोणी परत दिले तर हवे आहेत. सदाशिवरावाला तुझ्यापेक्षा चांगला भात जमायचा. तो मला विचारायचा, मीठ पुरे का, ते झाड कसलं, तुला वाचता येतं का. आणि विचारताना माझ्याकडे पाहायचा. विधवेशी बोलताना लोक शेजारच्या भिंतीशी बोलतात. मला त्याची इतकी सवय झाली होती की पहिल्या दिवशी मी मागे वळून पाहिलं, हा कोणाशी बोलतो म्हणून.

एका सकाळी आपण सगळे उन्हात शिंगाडे सोलत बसलो होतो. त्यानं तुला सरळ म्हटलं, "तुई हरकत नसन अन् बाईची खुशी असन, तर मी पाट लावतो." विधवेचा पाट आपल्या जातीत नवा नाही. लहानूच्या घरी लागतो, आपल्या कुळांच्या घरी लागतो. लागत नाही तो फक्त पाटलांच्या वाड्यावर. तू माझ्याकडे वळलास.

"काय मनते यमू?"

"मी शिंगाडे सोलून राहिली ना. मले काय इचारता?" मी म्हणाले, आणि वहिनी खुदकन हसली. मी हो म्हटलं होतं हे सगळ्यांना कळलं. तुलाही कळलं. तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास, हाताला शिंगाड्याचा चिकटा होता, आणि सदाशिवरावाला म्हणालास, "लावून देऊ. माघात."

दुसऱ्या दिवशी आपण छपराचं सगळं तणस उपसून चिखलावर अंथरलं आणि त्यावरून डोंगा ढकलत पाण्यापर्यंत नेला. एका कडेला तू आणि लहानू, दुसऱ्या कडेला सदाशिवराव आणि मी, मागे वहिनी. सगळे गुडघ्यापर्यंत चिखलात. कोणी पडलं की बाकीचे हसायचे. डोंगा पाण्यात उतरला तेव्हा तू काठावर वाकून ओंजळ भरलीस आणि म्हणालास, "बेटावरचं बेटावर." मला त्यात काही वाटलं नाही. दर वर्षीचंच ते. मी तोवर दगडांमागे जाऊन पांढरं नेसूनही आले होते, आता शेवटचंच म्हणून.

पाळीवर उतरल्यावर सदाशिवराव म्हणाला, "मंग माघात भाऊबंद घेऊन येतो मी."

तू धोतराच्या सोग्यानं पाय पुसत होतास. "कायले?"

तो हसला. त्याला वाटलं, तू थट्टा करतोस.

"बेटावरचं बेटावर, सदा," तू म्हणालास. "पाटलाच्या घरी आजपावतो पाट लागला नाही. तलाव गेला. आता घरची रीत बी मीच घालवू का?"

त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि पाळीवरून चालत आपल्या गावाकडे गेला. पायांवरचा चिखल वाळून पांढरा झाला होता. पुढच्या वर्षी त्याचं लग्न झालं. चांगली बायको मिळाली, लेकरं झाली. मला त्याचं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते याचं, की ज्या रीतीनं तू मला पाळीपलीकडे श्वास घेऊ दिलास, तीच रीत तू माझ्या गळ्यात बांधलीस.

वर्षभर मी तुझ्याशी बोलले नाही. तू ताटावर बसलास की वाढून मागे सरायची. मग एक दिवस तू म्हणालास, "यमू, भंडाऱ्याले मास्तरनीचं शिक्षन भेटते. जाशीन?" त्यावरून भाऊबंदांनी घर डोक्यावर घेतलं. पाटलाची बहीण नोकरी करणार, परगावी एकटी राहणार! काकीनं तर जेवण सोडलं. तेव्हा तू पाळीवर, भर गावात, सगळ्यांच्या तोंडावर सांगितलंस, "ते शिकन. ज्याले जमत नसन त्यानं माह्या घरी येऊ नोको." हे तू बेटावर बोलला नाहीस, भाऊ. गावात बोललास, आणि निभावलंस. स्वतः मला भंडाऱ्याला पोचवलंस. आज गोंदियाच्या शाळेत हिंदी बोलणाऱ्या पोरी मला "बहनजी" म्हणून हाक मारतात, माझी खोली आहे, तिच्या दाराची किल्ली माझ्या कमरेला आहे. ती किल्ली तुझी आहे. रोज कुलूप उघडताना हे मला आठवतं.

पण म्हणूनच तर भांडण मिटत नाही. एवढं करू शकणाऱ्या माणसाला तेवढं का करता आलं नाही?

मी तुला दर हिवाळ्यात विचारलं. बेटावरच विचारलं, कारण तिथं विचारायची मुभा होती. "काऊन, भाऊ?" आणि दर वेळी तू उठायचास. जाळं पाहून येतो, लाकडं आणतो, डोंगा नीट बांधला का पाहतो. एकदा तर काहीच सुचलं नाही म्हणून करपलेल्या भाताचं भांडं घेऊन घासायला बसलास. पाटील भांडं घासतो हे पाहून लहानू अर्धमेला झाला. मी हसले आणि प्रश्न पुन्हा राहिला.

आश्विनात तुझ्या पोटात पाणी झालं. दिवाळीच्या सुट्टीत मी आले तेव्हा तुझे हात काटकुळे झाले होते आणि पोट नगाऱ्यासारखं. दुपारची वेळ. वहिनी स्वयंपाकघरात होती. तू माझं मनगट धरून म्हणालास, "बेटावर ने मले. तुले एक सांगाचं आहे." वैद्यांनी नको म्हटलं, पाण्यावरचा वारा सोसणार नाही. मी तुला म्हणाले, "इथंच सांग ना." तू भिंतीकडे पाहत राहिलास. "इथं नाई सांगता येत." मला राग आला. मी म्हणाले, "मंग बेट उचलून आनू का इथं?" तू हसलास. इतका बारीक झाला होतास, तरी हसलास काकीच्या नकलेतलं हसू. मी तुझ्या उशाशी बसून वाट पाहिली. तू सांगितलं नाहीस, आणि मग सांगण्यासारखा राहिला नाहीस.

काय सांगायचं होतं रे? तेव्हापासून मी शंभर उत्तरं करून पाहिली. चुकलो म्हणणार होतास. की चुकलो नाही, पुन्हा तसंच करीन म्हणणार होतास. की तुझ्या लेकीच्या, चंद्रीच्या, लग्नाला चिन्नोरच काढ, लुचई नको, एवढंच सांगायचं होतं आणि मी उगीच जीव जाळते आहे. तुझा नेम नव्हता.

तू गेल्यावर सदाशिवराव भेटायला आला होता. ओसरीवर वहिनीसमोर बसला, तुझ्याबद्दल बोलला, डोळे पुसले. निघताना मला म्हणाला, "येतो मास्तरीनबाई." माझ्याकडे पाहून म्हणाला. अजूनही पाहूनच बोलतो.

आणि मग हा हिवाळा. तू जाण्याआधी चंद्रीचं लग्न ठरवून गेलास, माघातलं. मी घरी पोचले तेव्हा वहिनी कोपऱ्यात बसली होती, कोरं पांढरं लुगडं नेसून, हात मोकळे. तिच्या घरात, तिच्या चुलीपासून लांब. पोरीच्या हळदीला ती समोर येणार नाही, हळद काकी लावेल, असं तिला न विचारता ठरलं होतं. काका अजून ठणठणीत आहेत, त्यामुळे काकीचं कुंकू रुपयाएवढं. वहिनी ऐकून घेत होती. मला माझा दाराशी असलेला कोपरा आठवला. तो तिला आता मिळाला होता.

सकाळी तिनं मला विचारलं, "बाई, तुमाले सुट्टी आहे ना? बेटावर जाऊ."

घरात सगळ्यांची तोंडं उघडी राहिली. लहानूनं मात्र काही न विचारता डोंगा काढला. पाळीवर वहिनीनं ओंजळ सांडली, "गावचं गावात" म्हणाली, आणि बसली.

बेटावर तुझं छप्पर नव्हतं. मोहाखालची तुझी चूल होती, तीन दगड, गेल्या वर्षीच्या राखेसकट. आम्ही दोघी तिच्यासमोर उभ्या राहिलो. मी काड्या गोळा करायला लागले तर वहिनी म्हणाली, "नोको. इथं बायका चूल पेटवत नाई." आणि तिथंच खाली बसून ती रडली. तू गेलास तेव्हा बायांनी तिला रडवलं होतं. हे ती आपलं आपण रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले आणि मीही रडले. भाऊ, तुझ्या करपलेल्या भातासाठी दोन शहाण्या बाया उन्हात बसून रडत होत्या. मग गूळ-मुरमुरे खाल्ले, कच्चे शिंगाडे खाल्ले. दुपारी लहानूला आमची दया आली आणि त्यानं मासळी भाजून दिली.

वहिनीनं गाठोडं सोडलं. माझं निळं लुगडं, आता विटलेलं, आणि तिचं स्वतःचं हिरवं. आम्ही दोघी दगडांमागे गेलो.

संध्याकाळी परतायचं होतं. चार दिवस राहण्याचं बळ दोघींनाही नव्हतं. ती काठावर बसून पाण्यात पाय हलवत म्हणाली, "चंद्रीले हळद मी लावीन. तुमी पन लावा, बाई. माह्या संग."

मी म्हणाले, "वहिनी, बेटावरचं बेटावर."

"ते तुमचे भाऊ मनत," ती म्हणाली आणि उठली. पांढरी लुगडी तिनं गाठोड्यात बांधली, चांगली दुहेरी गाठ मारून. दगडांकडे गेली नाही. मीही गेले नाही.

लहानू बांबू घेऊन उभा होता. "वहिनीबाई, ओंजळ टाकाची राहिली."

"नाई टाकत."

"डोंगा जड होते मनतेत."

"होऊ दे जड. तू चाल."

शाळेत मी पोरींना शिकवते, लाकूड पाण्यावर का तरंगतं ते. त्या दिवशी दोन्ही हातांनी डोंग्याची कड घट्ट धरून बसले होते. तलावाच्या मधोमध आलो तसा लहानूही पुटपुटायला लागला. वहिनी तेवढी ताठ बसली होती, पदर वाऱ्यावर, नजर पाळीवर. तिथं बाया धुणं धूत होत्या. काकीही होती. आम्ही जवळ येऊ लागलो तशी एकेकीची मोगरी थांबली.

वहिनी उतरली. घोटाभर पाण्यात उभी राहून म्हणाली, "काकी, चंद्रीले हळद मी लावीन. मी तिची माय आहो. अन् यमूबाई लावतीन, ते तिची आत्या होय."

काकीनं तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. हिरवं लुगडं, मग माझं निळं. "हे बेटावर ठरवून आल्या का?"

"हो. बेटावर ठरवलं," वहिनी म्हणाली, "अन् इथं सांगून राहिली."

काकी धुणं तसंच टाकून निघून गेली. तेव्हापासून ती आमच्याशी बोलत नाही. चंद्रीच्या सासरचे काय म्हणतील, भाऊबंद मांडवात येतील की नाही, ते माघात कळेल. वहिनी हळद दळायला बसली आहे. जात्याचा आवाज मला इथं लिहिताना ऐकू येतो. तिनं हाक मारली की मला दुसऱ्या बाजूनं खुंटा धरायला जायचं आहे.

तुला काय सांगायचं होतं ते मला आता कधी कळणार नाही. पण तू ते त्या दुपारी खाटेवर सांगू शकला असतास, भाऊ. सदाशिवरावाला पाळीवर हो म्हणू शकला असतास. आमच्या गाठोड्यात दोन पांढरी लुगडी होती, तोंडात बेटावरचं बोलणं होतं, ओंजळ टाकली नव्हती आणि मधे तुझा अख्खा तलाव होता. डोंगा बुडाला नाही.